मांड्यांच्या खापरावर भाजलेली मिश्री

लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी विचारलं, "मांड्यांची कृती पाहिजे की माझी?" संपादकबाई म्हणाल्या, "तुमची." बरं झालं. कृती वाचून कुणाला मांडे जमत नाहीत, हे मी तीस वर्षांत पुरतं ओळखलंय. वाचून जमतं ते पोहे.

मी जळगावात पिंप्राळ्याला राहते. लग्नाचं, बारशाचं, आखाजीचं जेवण असलं की आम्हा सहा बायांना बोलावतात. जळगाव-धुळ्याकडे सगळे मला अक्का म्हणतात, त्यामुळे माझं नाव मलाच कधीकधी आठवावं लागतं. सहावीत शाळा सोडली. आई आजारी, घरात धाकटी चार भावंडं, दुसरं कोण बघणार? वाचायचं मात्र सोडलं नाही. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही. शुद्धलेखन नात तपासणार आहे, तेव्हा चुका राहिल्या तर तिला बोला.

ज्यांनी मांडे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. खापर म्हणजे गोल बुडाचं मातीचं मोठं भांडं. ते चुलीवर पालथं घालायचं आणि खाली लाकडं पेटवायची. गव्हाचं पीठ वस्त्रगाळ करून, मिठाच्या पाण्यात आणि तेलात इतकं तिंबायचं की कणीक रबरासारखी ताणली पाहिजे. दोन पाऱ्यांमध्ये मूठभर पुरण भरायचं, कडा दाबायच्या, जरा लाटायचं. पुढे लाटणं बाजूला. बांगड्या वर सारायच्या आणि तो मांडा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत फिरवत फिरवत वाढवायचा. हाताएवढा रुंद झाला, पलीकडचं दिसायला लागलं, की एका झोकात खापरावर. फाटला तर पुरण खापरावर जळतं आणि अख्ख्या मांडवाला कळतं की बाई नवखी आहे. पुण्याची एक पाहुणी मला म्हणाली, "हे म्हणजे पुरणपोळीच की." मी म्हटलं, "हो, आणि तापी म्हणजे नाला."

आमच्यात सगळ्यात चांगला हात सुमनचा. हे मी माझ्या तोंडाने सांगते, म्हणजे किती खरं असेल बघा. मी मांडा फिरवते, सुमन फिरवते तेव्हा तो स्वतःच फिरतो असं वाटतं. ती अमळनेरकडची, शिक्षण चौथी. बावीस वर्षं आम्ही दोघी एका चुलीच्या दोन बाजूंना बसतोय. नवऱ्याशी जेवढं बोलले नसेन तेवढं मी तिच्याशी बोलले.

आता मिश्रीचं सांगते, कारण लिहायला बसले ते त्यासाठीच.

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, चाळायची. ती मिश्री. बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना घासायची. आमच्या बायकांत सकाळ तिच्यावाचून उजाडत नाही. आमच्या कामात तर ती चुलीतल्या लाकडाइतकी गरजेची होती. पहाटे चारला उठायचं, दुपारी तीनपर्यंत धगीसमोर बसायचं, पंगत उठल्याशिवाय घास घ्यायचा नाही. ओठाखाली चिमूट असली की भूक मरते, डोळे टक्क उघडतात. काम संपलं, चूल निवायला आली, की तिच्यावर एक जुनं फुटकं खापर ठेवून मी तंबाखू भाजायची. सगळ्यांना वाटून द्यायची. माझी मिश्री नावाजलेली होती. दुसऱ्या टोळीतल्या बाया म्हणायच्या, अक्काकडे काम जास्त, पण मिश्री एक नंबर. मला त्याचाही अभिमान वाटायचा. वाटायचा तर वाटायचा, आता खोटं कशाला सांगू?

अशीच एकदा दुपारी माझ्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. मी तंबाखू भाजत होते आणि गल्लीभर धूर झाला होता. तेवढ्यात अश्विनी नावाची कॉलेजची पोर खोकत खोकत आली. हातात फॉर्मचा गठ्ठा. शाळा लवकर सोडलेल्या मोठ्या माणसांना कोणकोणती व्यसनं आहेत आणि ती माणसं आयुष्यात समाधानी आहेत का, असा तिचा अभ्यास होता. पाणी प्यायली आणि विचारायला लागली. शाळा कितवीत सोडली? आम्ही सांगितलं. सहा जणींच्या इयत्तांची बेरीज केली असती तर आमच्यात एक पदवीधर निघाली असती.

मग तिने विचारलं, "कुठलं व्यसन आहे का?"

आम्ही सगळ्या एका सुरात "नाही" म्हटलं. सुमन तर रागावलीच. "माय, व्यसन माणसेस्ले ऱ्हास. आम्ही ते बाया शेतस."

पोरीने नाही लिहिलं. "आयुष्यात किती समाधानी आहात? शून्य ते दहापैकी सांगा."

सुमन म्हणाली, "दहामाईन बारा लिख. माले काय कमी शे?"

अश्विनी हसली. उठताना तिने खापराकडे बोट केलं. "अक्का, हे काय भाजताय?"

"मिश्री."

"ही तंबाखूच ना? मग व्यसन नाही कसं म्हणालात?"

आम्ही इतक्या हसलो की एकीला ठसका लागला. मी म्हटलं, "पोरी, हे दात घासायचं आहे. तुझ्या पेस्टला तू व्यसन लिहितेस का?" ती बिचारी फॉर्म गोळा करून गेली. शब्दात मला कुणी हरवलेलं नाही, आणि शब्दात जिंकलं म्हणजे आपलंच खरं अशी माझी तेव्हा समजूत होती.

त्यानंतर पंधरवड्यात आखाजी आली. परगावच्या लोकांनी अक्षय्य तृतीया वाचावं. आमच्याकडे त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पितरांची घागर भरतात, आणि आमरसाबरोबर मांडे नसतील तर जावई तोंडाने काही बोलत नाही, पण वर्षभर लक्षात ठेवतो. त्या साली दोंडाईच्याच्या एका व्यापारी घराने मला बोलावलं. राजस्थानातून येऊन त्यांना तीन पिढ्या झालेल्या, सेठाणीबाई आमच्यापेक्षा झकास मराठी बोलतात. चार लेकी, चार जावई, त्यांचे गणगोत, दोनशे पान. त्याच दिवशी सकाळी जळगावातच मेहरूणला एका घरी थोडे मांडे द्यायचे मी कबूल करून बसले होते. दोन्ही डगरींवर पाय. म्हणून मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. दोन्हीकडचं पुरण आदल्या संध्याकाळी एकदमच शिजवलं, गरम गरम डब्यात भरलं आणि झाकण घट्ट लावलं. मेहरूणचं पहाटेच उरकलं, त्यांनी खाल्लंही. दोंडाईच्याचे डबे घेऊन आम्ही सकाळच्या गाडीत बसलो.

ऊन कसलं होतं ते खानदेशच्या माणसाला सांगायला नको. गरम पुरणाची वाफ झाकणाला लागून आतल्या आत ठिबकत राहिली असणार. उतरल्यावर मी डबा उघडला, चिमूटभर पुरण जिभेवर ठेवलं. छान. सुमनला दिलं. छान. बाकीच्या चौघींनीही चाखलं. सहा जणींनी मान डोलावली. नैवेद्याचं वेगळं काढून ठेवलं होतं, म्हणून सेठाणीबाईंनाही थोडं दिलं.

त्यांनी ते तोंडात घातलं. मला बाजूला घेऊन अगदी हळू म्हणाल्या, "अक्का, पुन्हा चाखता का जरा? मला आंबट लागतंय."

मी पुन्हा चाखलं. मला गोड लागलं. नाकाशी नेलं तरी वास येईना. मी त्यांच्या सुनेला बोलावलं, तिने तोंड वाकडं केलं. भांडी घासणाऱ्या बाईला दिलं, ती म्हणाली, "उतरलंय ना हे." पुरण आंबलं होतं. दारातून येणाऱ्या कुणालाही कळत होतं आणि ते करणाऱ्या सहा बायांना कळत नव्हतं.

  लाज वाटली म्हणणं कमी होईल. मला वाटलं आता मी मांडेवाली नाही. बरं, रडायला वेळ नव्हता. नैवेद्याच्या वाटीसकट सगळं पुरण टाकून दिलं. दोन चुलींवर डाळ चढवली, गूळ फोडायला चौघींना बसवलं. सेठाणीबाई जावयांना सांगून आल्या की लाकडं ओली निघाली, जरा उशीर होईल. माझी अब्रू त्या माऊलीने अशी झाकली. डाळ घाटून झाली तेव्हा मी त्यांनाच डेगेपाशी उभं केलं. म्हटलं, "आता तुम्ही हो म्हणा, मगच मी कणकेला हात लावते." त्यांनी चाखलं, हो म्हणाल्या. मग आम्ही सहा जणींनी जे मांडे टाकले तसे पुन्हा कधी टाकले नसतील. सुमनचा एकही फाटला नाही. थोरल्या जावयाने सात खाल्ले आणि करणाऱ्या बाईला बघायचं म्हणून आत आला. त्याने हात जोडले तेव्हा मला भुईत गडप व्हावंसं वाटलं.

परतीच्या गाडीत बाकीच्या पेंगत होत्या. मी सुमनला विचारलं, "तू चाखं व्हतं ना?"

"चाखं व्हतं."

"मंग?"

"माले गोड लागनं, अक्का." आम्हा सहा जणींत सारखं एकच होतं, ओठाखालची चिमूट.

दुसऱ्या दिवशी मी अश्विनीला फोन लावला. म्हटलं, "माझा फॉर्म परत आण. व्यसनाच्या रकान्यात खोटं लिहिलंय." ती म्हणाली, फॉर्म कॉलेजात जमा झाले. मी म्हटलं, "मग दुसरा आण, पण माझ्या नावाने खोटं राहता कामा नये." ती आली, नवा फॉर्म भरला, आणि एकदाही "मी म्हटलं नव्हतं का" असं म्हणाली नाही. त्यासाठी मी तिला मनातून मानलं. तिनेच आम्हा सहा जणींना सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंची तपासायची रीत साधी होती. "स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घाला." माझी गेली. बाकीच्यांची गेली. सुमनची दोनच गेली. तिसरं बोट घालायला ती झटत होती, डोळ्यात पाणी आलं, पण जबडा उघडेना. मिश्रीच्या वर ती सुपारीही चघळायची. गालाच्या आतली कातडी ताठ झाली होती आणि एका बाजूला पांढरा चट्टा होता. चट्ट्याचा कण काढून तपासायला दिला. आठ दिवसांनी निकाल.

ते आठ दिवस मी कशी जगले ते माझं मला माहीत. सुमनचं तोंड लहान होत होतं आणि मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. ती भाकरीचे बारीक तुकडे करून खायची, मला वाटायचं बाई नाजूक आहे. हसताना पदर तोंडावर घ्यायची, मला वाटायचं लाजाळू आहे. आणि चिमूट चिमूट करून तिला ते देणारी मीच. भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून. पिठावर केली नसेल इतकी मेहनत मी त्या मिश्रीवर केली होती.

निकाल आला तो अर्धा चांगला. अजून कॅन्सर नाही, पण हे चाललं तर होईल, असं डॉक्टरीणबाईंनी अगदी स्पष्ट सांगितलं. तोंड पूर्वीसारखं कधीच उघडणार नाही.

मी मिश्री दोंडाईच्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशीच सोडली होती. फार मोठा पराक्रम केला असं वाटत असेल तर पहिले दहा दिवस ऐका. डोकं ठणकायचं. सुनेच्या पैंजणांचा राग यायचा. आणि पोट! चाळीस वर्षं त्याला मिश्री लागली की हलायची सवय. ते जे रुसलं ते माझ्या धाकट्या जावेसारखं, कशानेच समजेना. पण तीन आठवड्यांनी एक दिवस जेवताना मी घास तोंडातच धरला. सुनेला विचारलं, "आज आमटी एवढी खारट कुणी केली?" ती म्हणाली, "तुम्हीच केली, आई. रोज अशीच असते." "कधीपासून?" ती मान खाली घालून म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हापासून."

बाकीच्या चौघींनीही रडतखडत सोडली. एक दोनदा घसरली, पुन्हा सावरली. राहिली सुमन. मी भाजायचं बंद केलं तर ती दुकानातून पुडी आणायला लागली. मी ओरडले, हात जोडले, डॉक्टरीणबाईंचा कागद तिच्यापुढे धरला. तेव्हा ती जे बोलली ते मला आजही टोचतं.

"दिवसभर मी दुसरासनं करस, अक्का. नवराना डबा, पोरेसना डबा, लोकेसनी पंगत. सकायले हाई चिमूटभर तेवढी मन्ही शे. हाई बी तू लई लेशी का?"

 बारा म्हणणारी बाई दिवसातल्या एका चिमटीवर तग धरून होती, हे मला तेव्हा कळलं. चौथीत शाळेतून काढली, पंधराव्या वर्षी लग्न, सासूने दाढदुखीवर मिश्री लावून दिली ती कायमची. तिने स्वतःसाठी म्हणून मागितलेलं आणि तिला मिळालेलं दुसरं काही मला आठवेना. एक मात्र होतं, खापर; ते तिच्या लक्षात नव्हतं, माझ्या होतं.

मी नियम केला. "तोंडमा मिश्री व्हई ते खापरवर बसानं नही." सगळ्यांसमोर सांगितलं. बाकीच्या माझ्याकडे बघत राहिल्या, कारण सुमनशिवाय आमचं दुकान कसं चालणार?

सुमन उठली. "मंग तुन्हं खापर तुन्हाजोडे ठेव," म्हणाली आणि गेली. दुसऱ्या एका केटररकडे लागली. त्याच्याकडे गॅसच्या तव्यावर साध्या पोळ्या असतात, खापर नाही.

चार महिने ती आली नाही. त्या चार महिन्यांत मी दोन मोठ्या पंगती सोडल्या आणि एक बिघडवली. लोक म्हणाले, अक्काचा हात उतरला. मी ऐकून घेतलं. नियम मोडावा असं रोज सकाळी वाटायचं. तिच्या घरावरून जाताना पाऊल थबकायचं. पण आत गेले असते तर तिला परत आणलं असतं ते मिश्रीसकट, आणि मग तिचं जे झालं असतं ते पुन्हा माझ्या हातून झालं असतं. एवढ्यासाठी मी गेले नाही.

दिवाळी झाल्यावर, एका लग्नाच्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते. फाटक वाजलं. सुमन उभी. वाळलेली, चिडलेली, बांगड्या आधीच वर सारलेल्या.

"खापर तपाड," म्हणाली. "तोंड धुईसन उनू मी. मिश्री-सुपारी सोडीसन दोन महिना व्हयनात. नुसत्या पोया लाटी लाटी हात आयशी व्हई गयात."

मी तिला जवळ घेतलं, आणि बाया बघत असताना रडले. म्हटलं, "सुमन, हाई बठ्ठं मी करं. खापरवर भाजी भाजी मीच दिनी तुले."

तिने मला दूर सारलं. "तू दिनी, मी लिनी. आते रडू नको, पारी लाट."

तिचा पहिला मांडा फाटला. दुसरा असा उतरला की नवरीमुलीचे वडील जेवणाचं ताट सोडून बघायला आले.

याला आता काही वर्षं झाली. ती दर काही महिन्यांनी दवाखान्यात जाते, मी बरोबर असते. चट्टा फिकट झालाय, वाढलेला नाही. तिसरं बोट अजून जात नाही, जाणारही नाही. मांडा ती दुधात कुस्करून खाते. माझ्या हातच्या कामाचा मला गर्व आहे, आहेच. आमच्या सहा जणींच्या जिभा पुन्हा जाग्या झाल्या याचा त्याहून जास्त आहे. पण सुमन दुधात मांडा कुस्करायला लागली की मी दुसरीकडे बघते.

गेल्या आखाजीच्या आधी एक नवी बाई कामाला आली. शिरपूरकडची, तिशीची, आठवीत शाळा सुटलेली, अंगाने कामाची. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "अक्का, मिश्री तुमी देतस का घरथून आनू?"

मी तोंड उघडणार तोच सुमन खापरापासून उठली. कोपरापर्यंत माखलेले हात तिने धुतले, पदराला पुसले आणि त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली. ज्या तोंडावर ती इतकी वर्षं पदर घ्यायची ते तिने जमेल तेवढं उघडलं. दोन बोटं आत घातली. तिसरं ओठाशी टेकवून दाखवलं. बराच वेळ तशीच उभी राहिली, म्हणजे त्या बाईला नीट दिसावं.

मग म्हणाली, "आते तू कर."

बाईने घाबरत घाबरत स्वतःची बोटं घातली. तिन्ही गेली.

"तीन जातस," सुमन म्हणाली. "तीनच ऱ्हावू दे."